पोत्यातलं पाणी

दिवसाच्या शाळेची प्रयोगशाळा
रात्री आम्हाला मिळत नाही.
किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई धायरीला.
म्हणून तांबोळी मॅडमनी बाकावरच मांडला
स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी, चिमटा,
पर्समधून काढली साखरेची पुडी.
"कोंढाळकर, तुम्ही धरा. तुमचा हात हलणार नाही."

हात भुसार बाजारातला.
गुलटेकडीला एकोणीस वर्षं
लॉरीतून गाळ्यात, गाळ्यातून टेम्पोत,
पन्नास पन्नास किलोची साखर पाठीवर.
नळी इतकी हलकी
की चिमट्यात काही आहे की नाही तेच कळेना.

आधी साखर पाघळली.
मग मधासारखी झाली.
सुनंदा आंबेगावला चिक्कीच्या कारखान्यात असते,
ती मागून ओरडली, "काढा आता, पाक करपेल!"
मॅडम म्हणाल्या, "करपू दे.
आज करपण्याचाच धडा आहे."

धूर झाला, सगळे खोकलो,
कुणी खिडकी उघडली तर
स्वारगेटकडे वळणाऱ्या बसचा हॉर्न आत आला.
नळीच्या तळाशी काळा कोळसा.
"आणि वर बघा, काच गार आहे तिथे."

थेंब.

मी पाणी घातलं नव्हतं.
कुणीच घातलं नव्हतं.
"साखरच दमट असंल," म्हणालो मी,
पावसाळ्यात पोतं दमट होतं, मला माहीत आहे.
मॅडम रागावल्या नाहीत.
"मग उद्या तुम्ही आणा. कोरडी करून आणा."

दुपारभर पत्र्यावर, उन्हात,
फडक्याखाली मूठभर साखर वाळवली.
मुंग्यांशी भांडलो.
रात्री पुन्हा दिवा, पुन्हा धूर,
पुन्हा थेंब.

फळ्यावर लिहिलं: अपघटन.
बाणाच्या डावीकडे एकच नाव,
उजवीकडे दोन.
"येताना एकटा येतो," मॅडम म्हणाल्या,
"त्याला फक्त आच लागते. किंवा वीज. किंवा नुसतं ऊनसुद्धा."
पुस्तकात हे दोन ओळींत आहे, दोन गुणांना.

बाबूराव डोईफोडे, घरांना चुना मारणारे,
वर्गात सगळ्यांत म्हातारे, म्हणाले,
"दगडाचंही असंच होतं की.
चुनखडी भट्टीत घालतात, निघते कळी, वजनाला हलकी."
"हलकी का?"
बाबूराव गप्प.
"वायू उडून गेला त्यातला."
"बघा," म्हणाले, "चाळीस वर्षं वाटायचं,
भट्टीवाला मापात मारतो."

मी मात्र घरी गेलो ते आकडे घेऊन.
साखरेत कार्बनचे बारा, पाण्याचे अकरा.
बाराचे एकशे चव्वेचाळीस,
अकराचे एकशे अठ्ठ्याण्णव,
सगळे मिळून तीनशे बेचाळीस.
बायको झोपली होती, पोरगी झोपली होती,
तिच्याच वहीच्या मागच्या पानावर
पन्नास किलोचं पोतं फोडत बसलो.
दोनदा चुकलो.
तिसऱ्यांदा निघालं:
एकवीस किलो कोळसा,
एकोणतीस किलो पाणी.

आमच्याकडे तूट येते, कडता कापतात,
सांडलं, उंदरानं नेलं, काट्यानं खाल्लं.
इथे कडता नाही.
बाणाच्या या बाजूला जेवढं,
त्या बाजूला तेवढंच,
धुरासकट.

सकाळी कोल्हापूरची लॉरी लागली.
पाठ वाकवली, वरून पोतं आलं,
आणि मानेच्या मणक्याला पहिल्यांदा कळलं
की हे अर्ध्याहून जास्त पाणी आहे.
उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटायची तेव्हाही
ते इथेच होतं,
बारदानाच्या आत, कोरडं,
दाणा दाणा धरून बसलेलं.
एक थेंब कधी गळला नाही.
गळणारही नव्हता, नुसत्या घामाच्या उबेनं.

मुकादम म्हणाला, "पोत्याखाली हसतोस काय रे?"
म्हटलं, "पाणी."
त्याने माठाकडे बोट दाखवलं.